गायमाळाची वाट आणि महाराजांची मोटार

हिवरगडच्या रणधीरराव महाराजांनी विलायतेहून नवी मोटार मागवली आणि गायमाळावर मेंढरं चारणाऱ्यांची झोप उडाली.

मोटार उंच चाकांची, दणकट होती. तिला रस्ता लागत नसे. ओढा असो, धोंडे असोत, ती गुरगुरत पार होई. साध्या सडकेवर ती चालवणं महाराजांना कमीपणाचं वाटे. रोज सकाळी ते स्वतः चाक हातात घेत, शेजारी दिवाण त्र्यंबकपंतांना बसवत आणि गायमाळाचा चढ धरत. पंत एका हातानं पगडी धरत, दुसऱ्या हातानं दार.

गायमाळ हे साऱ्या पंचक्रोशीचं गायरान. वर गवत, गवतात बारमाही झरा, आणि तिथे जायला एकच वाट. तिच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मोटारीमुळे त्या वाटेवर खोल चाकोऱ्या पडल्या. माती घसरून झऱ्यात उतरली, पाणी गढूळ झालं. भोंगा वाजला की जनावरं बिथरत. एके दिवशी बिरा धनगराची गाभण मेंढी बिथरून दरीत गेली. तेव्हा मात्र सगळे मिळून दरबारात आले. बिरासोबत त्याची मुलगी ठकूही होती.

महाराज दुष्ट नव्हते, हट्टी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गायरान कुणाचं?"

"सगळ्यांचं, महाराज," बिरा म्हणाला.

"मग आम्ही त्या सगळ्यांत नाही का? तिथे माणूस जातो, मेंढरू जातं, तशी मोटारही जाईल. गायरानावर आम्हांला सगळे सारखे. आणि वाट अरुंद असेल तर पुढच्या आठवड्यात सुरुंग लावून कातळ फोडू. झऱ्यापर्यंत ऐसपैस रस्ता होईल."

सुरुंगाचं नाव ऐकून बिराचा चेहरा उतरला. कातळ फुटला तर झरा कुठल्या कुठे जाईल, हे त्याला कळत होतं.  

"महाराज," ठकू म्हणाली, "सगळे सारखे म्हणता, तर सगळ्यांना नियमही एकच हवा."

महाराजांना गंमत वाटली. "सांग की नियम. पण त्यात मोटारीचं नाव नको, आमचं नाव नको, आणि डोंगरावर यायला कुणाला मनाई नको. वाटेत धोंडा टाकायचा नाही, चर खणायचा नाही. एवढं सांभाळून आमची मोटार माघारी फिरव. फिरली तर सुरुंग रद्द. नाही फिरली, तर गायमाळाची तक्रार पुन्हा आमच्या कानावर यायची नाही."

बिरानं मुलीचा हात दाबला. हे कसं जमायचं? ठकू मात्र पुढे होऊन बोलू लागली.

"आमच्यात दोन कळप त्या वाटेवर समोरासमोर आले की लहान कळप मागे सरतो आणि मोठ्याला वाट देतो. तोच नियम सगळ्यांना लावा. ज्यांच्याकडे जीव जास्त, ते पुढे. ज्यांच्याकडे कमी, ते मागे."

"एवढंच?" महाराज हसले. "पंत, द्या दवंडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार गुरगुरत निम्मा चढ चढली आणि वळणावर समोर ठकू उभी. हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

महाराजांनी मोटार थांबवली. "मुली, नियम तुझाच. आम्ही दोघं, तू एकटी. हो मागे."

"मी एकटी कुठे, महाराज?" ठकू बाजूला झाली. तिच्या मागे, वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत, वाटभर मेंढरंच मेंढरं होती.

"मेंढरं कसली मोजतेस?" पंत तडकले.

"मी कुठे मोजतेय, पंत? गायरानावर सगळे सारखे, असं महाराजच म्हणाले. आता मेंढराला कमी धरायचं असेल, तर तेवढी नवी दवंडी द्या."

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी दरीकडे पाहिलं. मोटार वळवायला तिथे जागाच नव्हती. महाराज मान मागे वळवून, दात-ओठ खात, ती इंचाइंचानं मागे नेऊ लागले. मेंढरं निवांत पुढे येत होती. एक मेंढा तर मोटारीच्या पुढच्या दिव्याला तोंड लावूनच चालत होता. पायथ्याशी पोहोचेपर्यंत महाराजांची मान आखडली आणि पंतांची पगडी दरीत गेली.

दुपारी महाराज पुन्हा निघाले. निम्म्या चढावर गावच्या गाई उतरत होत्या. मोटार मागे. संध्याकाळी निघाले, तर म्हशी. म्हशींना तर भोंग्याचंही काही वाटेना. मोटार पुन्हा मागे.

"महाराज, उद्या फौज घेऊन येऊ," पंत म्हणाले. "शंभर स्वार मागे असले की आपलेच जीव जास्त."

"मेंढरांवर फौज घेऊन जाऊ, पंत? शेजारची संस्थानं काय म्हणतील?" महाराज म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना असं हसू फुटलं की चाकावर डोकं टेकून ते हसत राहिले. पायथ्याशी जमलेले लोकही आधी दबकत आणि मग मोकळेपणानं हसले.

महाराजांनी ठकूला जवळ बोलावलं. "सुरुंग रद्द. पण खरं सांग, आता आम्ही त्या डोंगरावर यायचंच नाही का?"

"असं कसं? गायरान तुमचंही आहे. पायी या. चढताना मेंढरं आडवी आली, तर कातळाला टेकून उभं राहायला माणसाला जागा आहे. झऱ्याचं पाणी निवळलं की मी स्वतः तुम्हांला पाजीन."

"येऊ," महाराज म्हणाले. "तुझ्या बापाला आमच्या कळपातली पाच मेंढरं दिली. आता तुझ्यासाठी काय हवं ते माग."

ठकूनं मोटारीच्या चकचकीत दारावरून हळूच बोट फिरवलं.

"मला एकदा हिच्यात बसायचंय. गावच्या सडकेवरून, बाजारापर्यंत."

"बस! आत्ताच बस."

ठकू चढून ऐटीत पंतांच्या जागेवर बसली, घोंगडी सावरली आणि म्हणाली, "पण महाराज, आज एकदा तरी पुढच्या बाजूला चालवा."