दगडाचा उघडा कोपरा

फार पूर्वी, होड्या आणि दगड एकमेकांशी बोलायचे तेव्हा, खाडीच्या धक्क्याला एक काळा दगड होता. कोळ्यांनी त्याच्या छातीवर काथ्याच्या दोराची जाड गुंडाळी बांधली होती. तिचा कुबट वास दगडाला मुळीच सोसत नसे. "होडी थांबवायला मी एकटा पुरेसा आहे," असं म्हणत तो लाटांबरोबर तिची गाठ आपल्या धारदार कडेवर घासू देई. एके दिवशी गाठ तुटली आणि गुंडाळी चिखलात पडली.

सकाळी चंद्री नावाची होडी रिकामीच आली नि अलगद टेकली. दगड खूश झाला. संध्याकाळी तीच चंद्री माशांनी काठोकाठ भरून, सकाळच्याच संथ चालीने आली.

"एवढ्या हळू येणारीला काय घाबरायचं?" दगड म्हणाला.

धाडकन आवाज झाला. चंद्रीची फळी तडकली आणि दगडाचाही कोपरा उडाला.

"थांबायचं तर मला होतंच रे," चंद्री कळवळली, "पण असं एकदम?"

कोळ्यांनी फळी बदलली, गुंडाळी धुऊन पुन्हा बांधली. चंद्री पुन्हा भरून आली. गुंडाळी दबली, कुरकुरली आणि हळूहळू होडी थांबली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

"तू तिला थांबवलंस तरी कसं?" दगडाने गुंडाळीला विचारलं.

"तुझ्यासारखंच. फक्त मी घाई केली नाही."

मग दगड हळूच म्हणाला, "गुंडाळीबाई, जरा इकडे सरकता का? माझा हा कोपरा उघडा पडलाय."