द्वारकीची दुसरी करवंटी

फार वर्षांमागं, आमच्या खाडीत शिडांची गलबतं यायची तेव्हाची ही गोष्ट. काठावर द्वारकी नावाची वैदीण राहायची. तिच्या पाल्यामुळ्यांना विंचवाचं विषही वचकायचं, असं म्हणतात. पण नवऱ्यापुढं मात्र बिचारीचं काही चाललं नाही.

नवरा धाकू, गलबतावरचा खलाशी. परमुलखातल्या बंदरांतून आला तो अवघड जागी एक फोड घेऊन. अंघोळीच्या वेळी द्वारकीला तो दिसला. तिनं विचारलं, तर धाकू म्हणाला, "दुखणा नाय मा? मग कित्याक बघतस?"

फोड आपोआप गेला. धाकू खूश. पण ओटीवरचा पाहुणा माजघरात जाऊन बसावा तसा तो रोग आत शिरला होता. पावसाळा सरता सरता धाकूच्या तळहातांवर चट्टे उठले, मग द्वारकीच्याही. गावानं बोटं मोडली ती तिच्याच नावानं. खलाशाला कोण विचारतो!

द्वारकी चिडली, पोटभर रडली. मग तिनं औषध उकळून दोन करवंट्या भरल्या.

"एक तुका, एक माका. दोघांनी मिळान पिवया."

धाकूला तिच्याकडं बघवेना. लाजेनं तो तसाच उठला आणि सुटणाऱ्या गलबतावर चढला. द्वारकीनं आपली करवंटी प्यायली आणि ती बरी झाली. त्याची झाकून ठेवली.

पुढं तिच्या दारी तोच रोग घेऊन लांबलांबचे खलाशी येऊ लागले. तिचा नेम एकच. "एकट्याक औषध नाय. बायलेक घेवन ये." घरी बायकोच नाही असं खोटं बोलणाऱ्याच्या हातातली करवंटी तडकायची, असं म्हणतात. तिनं मात्र कुणाला कधी लाजवलं नाही. जाताना फक्त विचारायची, "माझो धाकू दिसलो काय खय?"

तो कुणालाच दिसला नव्हता. तरी म्हातारपणापर्यंत ती रोज त्याची करवंटी ताजी भरायची. ती गेली त्यानंतर कितीतरी दिवस ती करवंटी कोमट होती, असं म्हणतात.

तो पाला कुठला, हे आता कुणालाच ठाऊक नाही. दवाखान्यात रक्त तपासतात, सुई देतात. पण नर्सबाई अजून विचारतात, "जोडीन इलास मा?" आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की गावातली थोरली बाई धक्क्यावर एक करवंटी भरून ठेवते. पाण्याकडं तोंड करून हाक मारते,

"धाकू, ये रे. कोण तुका काय बोलाचा नाय."