शेटच्या कमरेचा शिक्का

एका बंदरात भानशेट नावाचा गलबतं बांधणारा शेट होता. बोलायला गोड, लाकडाचा आणि माणसांचा पारखी. पण त्याला एक खोड होती. आपल्या हाताखालचा माणूस निर्धास्त दिसला, की त्याला वाटे, हा आता आळसावणार.

त्याच्याकडे सालेम नावाचा मस्कतचा कारागीर होता. गलबताच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ ठासून बुजवायच्या, हे त्याचं काम. फळीवर हातोडी ठोकून नुसत्या आवाजावरून तो सांगे, लाकूड आतून कसं आहे ते.

त्या बंदराचा कायदा मोठा कडक. परमुलखातल्या कारागिराला राहायचं, तर तिथल्या एखाद्या शेटने त्याची हमी घ्यायची. परवाना एका वर्षाचा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, कचेरीचं दार लागायच्या आत, शेटने स्वतः येऊन त्यावर आपला शिक्का उठवायचा. कारागिराने कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही. शिक्का पडला नाही, तर समुद्र खुला झाल्यावर पहिलं जे जहाज सुटेल, त्यात त्याला बायकापोरांसकट बसवून द्यायचं.

आता हा शिक्का महिनाभर आधीही उठवता येई. पण भानशेट तो कमरेला बांधून फिरायचा.

"शेट, माझ्या परवान्याचं..." सालेम पुन्हापुन्हा विचारी.

"अरे, बघू की! मी काय पळून चाललोय?" शेट हसत म्हणे आणि बोटाने शिक्का झुलवी.

मस्कतला त्याचं घर उरलं नव्हतं. मुलगी नूरा इथेच जन्मलेली. घरी बायको मरियम भांडी गाठोड्यात बांधायची, मग सोडायची, मग पुन्हा बांधायची. नूरा विचारायची, "अब्बा, आपण कुठे जाणार?"

अशात एके सकाळी नव्या गलबताच्या पोटावर त्याने हातोडी मारली आणि आवाज आला, बद्द! त्याने पुन्हा मारली. पुन्हा बद्द! पाण्याखाली जाणारी फळी वरून तुळतुळीत, पण आतून किड्याने पार पोखरलेली. आणि ती फळी खुद्द भानशेटने निवडलेली. चार लोकांत तिच्यावर थाप मारून, "असं लाकूड बघितलंय का कुणी?" असं विचारलेलं.

सालेम सांगायला निघाला. शेट समोरूनच आला.

"काय रे, काही म्हणत होतास?"

सालेमची नजर शिक्क्यावर गेली.

"काही नाही, शेट. काम छान चाललंय."

मागच्या वर्षी शेटचं एक गलबत खाडीच्या तोंडाशीच बुडालं होतं. खलाशी पोहून कसेबसे वाचले. शेटने समुद्राला बोल लावला होता. तेव्हा त्याचा सुतार, तोही परमुलखातलाच, मान खाली घालून उभा होता. ती खाली गेलेली मान सालेमला आता रोज दिसू लागली.

शेवटचा दिवस उजाडला. सालेम सकाळपासून कचेरीत उभा. दार लावायची वेळ झाली. कारकून बाबाजीपंतांनी कुलूप हातात घेतलं, तेव्हा भानशेट डुलतडुलत आला.

"आलो हो पंत! हा बघा आमचा सालेम, कसा पांढरा पडलाय!"

त्याने शिक्का शाईत बुडवला, उचलला आणि हवेत धरूनच गप्पा सुरू केल्या. "उद्या नव्या गलबतातून आमची मंडळी निघणार, समुद्राला नारळ वाहायला. नातवंडं तर आठ दिवस नुसती नाचतायत!"

सालेमची नजर शिक्क्यावरच्या ओल्या शाईवर खिळली.

"उठवा आता, शेट," पंत म्हणाले.

शिक्का पडला.

सालेमने परवाना छातीशी धरला. "शेट, उद्या त्या गलबतात कुणाला बसवू नका. डावीकडची तिसरी फळी पोखरलेली आहे."

शेटचं हसू मावळलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन आठवडे."

"आणि आज सांगतोस? तोंड नव्हतं तुला?"

"तोंड होतं, शेट. जीभ तुमच्या कमरेला बांधलेली होती."

शेट कडाडणार होता, पण त्याच्या मनात काहीतरी आलं. हळूच म्हणाला, "मी आज आलोच नसतो तर?"

सालेमने मान खाली घातली.

शेट तडक गलबतापाशी गेला. फळीत टोच्या घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकडाचा भुगा त्याच्या पायांवर सांडला. तिथेच वाळूत तो मटकन बसला. मागच्या वर्षी त्या सुताराच्या परवान्यावर आपण शिक्का कधी उठवला होता, ते त्याला आठवलं. असाच, शेवटच्या दिवशी, दार लागता लागता.

पुढल्या वर्षापासून परवान्यांवर शिक्के उठवायची मुदत सुरू झाली, की पहिल्याच सकाळी भानशेट कचेरीत हजर असे. तेव्हापासून त्याच्याकडे कुरकुरी मात्र फार वाढल्या. ही फळी बदला, तो खिळा काढा, शेट, हे तुमचं चुकलंच! शेट वैतागायचा, पण ऐकायचा. त्याचं एकही गलबत पुन्हा बुडालं नाही.

तात्पर्य: ज्याचं राहणं-जाणं आपल्या हातात आहे, त्याला टांगणीला लावू नये. धास्तावलेला माणूस काम करतो, पण धोका सांगत नाही.