जुळी कोठारं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगर आजच्यासारखे बोडके झाले नव्हते, माणसं मात्र आजच्यासारखीच होती.

एका गावात बियाणं राखायची एक रीत होती. गावाची दोन कोठारं होती, एक नदीकाठी, एक टेकडीवर. एका कोठारात पायली ओतली की दुसऱ्यातही तशीच पायली ओतायची. एक गेलं तरी दुसरं उरावं, एवढाच त्यामागचा हेतू. पाटलाच्या दोन सुना ती सांभाळत. टेकडीवरचं थोरली, नदीकाठचं धाकटी.

एके वर्षी दोन्ही कोठारं नव्याने बांधली. आत कप्पे कसे पाडायचे, असं सासूने दोघींना विचारलं.

थोरली म्हणाली, "एकच मोठी खोली ठेवावी. भरपूर मावेल."

धाकटी हळूच म्हणाली, "मधे काटक्या विणून कूड घालू या, सासूबाई. एकीकडे बियाणं, दुसरीकडे खायची ज्वारी. खायच्या ज्वारीला रोज हात लागतो, कधी ती ओलसरही येते. ती बियाण्याला लागायला नको. आणि दोन्ही कोठारांत कूड सारख्याच जागी हवा."

सासूला ते पटलं. "धाकटीला अक्कल आहे हो," ती चारचौघांत म्हणाली आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची आलेली पोर, आणि तिच्या शब्दावर माझ्या कोठारात कूड उभा राहणार. तिला दोन घास गोड लागेनात.

त्या साली पीक उदंड आलं. धाकटीचा खायच्या ज्वारीचा कप्पा भरला, तशी तिने उरलेल्यांना हात जोडून परत पाठवलं. थोरलीने ही संधी साधली. मधला कूड गुपचूप काढून टाकला आणि येईल ती ज्वारी आत घेतली. लोक म्हणू लागले, "कोठार असावं तर थोरलीचं." हे ऐकायला ती मुद्दाम पाणवठ्यावर रेंगाळायची.

पेरणी तोंडावर आली आणि नदीला पूर आला. धाकटीचं कोठार वाहून गेलं. खरं सांगायचं तर क्षणभर थोरलीला बरंच वाटलं. आता कळू दे म्हणावं सासूबाईंना, अक्कल कुणाला आहे ते.

गाव मात्र निश्चिंत होतं. लोक टोपल्या घेऊन टेकडी चढले. धाकटी सर्वांच्या पुढे होती. तिनेच दार लोटलं.

आत एकच ढीग होता. ओली ज्वारी बियाण्यात मिसळली होती, ढिगाला बुरशी आली होती आणि मूठ उचलली की दाण्यांतून सोंडेकिडे बाहेर पडत होते. पेरावा असा दाणा निवडणं कुणालाच जमेना.

थोरली मान खाली घालून उभी राहिली. कुणी बोल लावायच्या आधी धाकटीच बोलली.

"माझं वाहून गेलं तेव्हा मी रडले नाही, जाऊबाई. म्हटलं, तुमच्याकडे आहे तेच तर माझं आहे."

शिव्या दिल्या असत्या तर थोरलीने ऐकून घेतल्या असत्या. हे तिला सोसवेना.

त्या वर्षी गावाने शेजारच्या गावांपुढे पदर पसरला. मिळालं तेवढं पेरलं, निम्मी शेतं पडीक राहिली. थोरलीचं शेतही त्यातच होतं. पुढच्या हंगामात टेकडीवरचा कूड तिने स्वतः विणला, धाकटीला विचारून, तिच्याच मापाने.

लहानथोरांनो, ज्याचा आधार व्हायचं त्याचाच हेवा केला, तर बुडताना दोघांनाही हात द्यायला कुणी उरत नाही.