ठकूआईचं सूप

संग्रहालय नंतर बघा. आधी इथं पायरीवर बसा आणि ऐका. मान खाली घालून सांगावी अशी गोष्ट आहे, तेव्हा माझ्या तोंडाकडे फार बघू नका.

फार वर्षांपूर्वी, आमच्या बोरसरीच्या वेशीला दार होतं तेव्हा, वेशीबाहेर ठकूआई नावाची सुईण राहायची. गावातलं एकूण एक पोर तिच्या हातावर जन्मलं. अडलेल्या बाईच्या पोटावरून तिनं नुसता हात फिरवला की मूल आपणहून वाट धरायचं, असं म्हणतात. आणि गावाची रीत काय? तर बाळ झालं की ठकूआईनं मागच्या दारानं जायचं, आणि तिचा हात लागलेली वस्तू घरच्यांनी उकिरड्यावर टाकायची. तांब्या, दिवा, चटई, काठवट, काहीही असो. काय म्हणावं या शहाणपणाला!

ठकूआई ते उचलून घरी न्यायची. तिला हाव कशाचीच नव्हती. आपल्या हातावरच्या एका तरी पोराच्या बारशाला आपल्याला बोलवावं, एवढंच तिला वाटायचं. चाळीस वर्षं कुणी बोलावलं नाही.

मग जगदाळे पाटलांची सून अडली. म्हणजे आमच्याच घरची, लपवून काय करू? तिसऱ्या दिवशी तिच्या सासूनं, बयाबाईनं, ठकूआईपुढं पदर पसरला.

"ठके, सोडव गं तिला! बारशाला तुला बोलावते, देवाशपथ."

"बघा हं, पाटलीणबाई. वाट बघीन मी."

मूल झालं ते निळंकाळं, निपचित. ठकूआईनं त्याला सुपात निजवलं आणि तोंडात फुंकर घातली. दिवसभर ती फुंकत राहिली. तिचे उरलेसुरले काळे केस तेवढ्यात पांढरे झाले आणि पोर रडलं, असं म्हणतात.

बाराव्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, हातानं शिवलेलं टोपडं घेऊन आमच्या दाराबाहेर उभी राहिली. आत घुगऱ्या वाटत होते. बयाबाईनं तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. दिवेलागणीला ठकूआई निघाली. उकिरड्यावर ते सूप पडलं होतं, ते तिनं काखेत मारलं.

ते पोर म्हणजे माझे पणजोबा, भुजंगराव. ठकूआई गेली तेव्हा ते विशीत होते. गावानं तिची झोपडी उघडली, आणि आत अख्खं गाव! घरोघरची वस्तू घासूनपुसून मांडलेली, कशाला गंज नाही, कशाला वाळवी नाही, आणि प्रत्येकीवर एकेक टोपडं, असं म्हणतात. भुजंगरावांनी कडेवरच्या खुणेवरून आपल्या घरचं सूप ओळखलं आणि ते बयाबाईकडे वळले.

"तिचा हात लागलेलं सगळं टाकलंत. मग मला कसं ठेवलंत?"

तो प्रश्न आमच्या घरात अजून आहे.

त्या झोपडीचंच हे संग्रहालय. लांबून माणसं येतात, आणि म्हणतात, "काय जपलंय हो तुम्ही सगळं!" आम्ही जमिनीकडे बघतो.

बोरसरीत आजही बारसं घरी होत नाही. पोराला इथं आणून त्या सुपात निजवतात. आई दाराकडे तोंड करून हाक मारते, "ठकूआई, बारशाला या!" मग सगळे थांबतात. दिवेलागण होईपर्यंत नाव ठेवत नाहीत की घुगरी तोंडात घालत नाहीत.

आणि आम्ही जगदाळे तोवर इथंच, दाराबाहेर उभे असतो.