राजाने न सांगितलेलं नाव

एका राज्यात डोंगरमाथ्यांवरून जाणारी चाळीस दिवसांची एक पायवाट होती. ती सीमेवर सुरू होई आणि राजवाड्याच्या दारात संपे. तिथली रीत अशी, की नव्या राजाने ही वाट एकट्याने, पायी चालायची. वाटेत जेवढे धबधबे लागतील तेवढ्यांपाशी वहाणा काढायच्या, ओंजळभर पाणी प्यायचं आणि आपलं नाव सांगायचं. पाण्याने राजाला ओळखायचं ते असं.

राजा धवलसेनाने सदतीस दिवस ही रीत नेटाने पाळली. अडतिसाव्या दिवशी मात्र त्याला कसली तरी घाई झाली आणि शेवटच्या तीन धबधब्यांवरून तो न थांबता पुढे गेला. तसे ते लहानच होते. पण राजा थांबला नाही, मग प्रजा कशाला थांबते? पाऊलवाटा बुजल्या, कारवी माजली, आणि मोठ्या धबधब्यांची कौतुकं गाणाऱ्या लोकांना या तिघांची नावंही आठवेनाशी झाली. लोकांचं हे नेहमीचंच!

डोंगरातल्या पाण्याची राखण एक जलजोगीण करीत असे. तिने शाप उच्चारला, "माझी तीन लेकरं ज्या दिवशी शेवटच्या माणसाच्या मनातून पुसली जातील, त्या दिवशी राजाचं लेकरू राजाला विसरेल."

सोळा वर्षं गेली. ते धबधबे ठाऊक असलेली एक म्हातारी गुराखीण तेवढी उरली होती, तीही एका पहाटे वारली. त्याच सकाळी राजकन्या केतकी न्याहारीला आली. आईला तिने नमस्कार केला, दासींची विचारपूस केली, आणि राजाकडे वळून अदबीने विचारलं, "आपण कोण?"

राजाच्या हातातला घास हातातच राहिला. वैद्य झाले, मांत्रिक झाले. लोक म्हणाले, हे तुझे वडील. केतकीने मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत ओळख काही उमटेना. ती त्याला 'महाराज' म्हणे. त्या एका शब्दाने राजा महिन्याभरात दहा वर्षांनी म्हातारा झाला.

तेव्हा ओढ्याकाठी शीळ घालणारा निळा कस्तूर पक्षी सज्ज्यावर येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, ते तीन धबधबे शोध. जे राहिलं ते पुरं कर. दसऱ्याला त्यांचं पाणी आटेल. त्यानंतर मुलगी तुला कायमची परकी."

"वाट कोण दाखवील?"

"मी. प्रत्येक ठिकाणी एकदाच शीळ घालीन, दुसऱ्यांदा नाही."

राजा निघाला, तर केतकी काठी घेऊन दारात उभी. "म्हाताऱ्या माणसाला रानात एकटं कसं सोडायचं?" ती म्हणाली. राजाला हसावं की रडावं ते कळेना. दोघं चालू लागली.

पहिली शीळ कारवीच्या जाळीतून आली. फांद्या मोडत दोघं आत गेली, तर पुरुषभर उंचीचा धबधबा. राजाने वहाणा काढल्या, पाणी प्यायला आणि गर्जला, "मी राजाधिराज, सप्तगिरीनाथ, शत्रुमर्दन, श्रीमंत..." पाणी जागच्या जागी थांबलं.

"महाराज, इतकं लांबलचक कोण लक्षात ठेवणार?" केतकी कुजबुजली. "घरी हाक मारतात ते सांगा."

"मी धवल," राजा म्हणाला. पाणी पुन्हा वाहू लागलं. केतकीने वळून पाहिलं. "आपला आवाज मी कुठंतरी ऐकलाय," ती म्हणाली.

दुसरी शीळ एका कपारीतून आली. तिथे नेच्यांच्या पानांवरून एकेक थेंब गळत होता. धबधबा म्हणून तो एवढाच! राजाने ओंजळ धरली. सकाळ सरली, दुपार कलली, हात अवघडले. केतकीने आपले तळवे त्याच्या हातांखाली धरले. ओंजळ भरली, राजा प्यायला, नाव सांगितलं. केतकी त्याचे हात निरखीत राहिली. "या हातांनी कुणीतरी माझी वेणी घालायचं. वाकडी घालायचं."

तिसरी शीळ कड्याच्या पोटातून आली. सरपटत दोघं आत शिरली. तिथला धबधबा काहीच आवाज न करता पडत होता. राजाने रीत पुरी केली, नाव सांगितलं. मग ते पाणीच बोललं.

"त्या दिवशी कसली घाई होती?"

राजाने मान खाली घातली. "राणीला कळा लागल्याचा निरोप आला होता. दोन मुक्काम बाकी होते. मी रात्रंदिवस धावलो."

"पुन्हा तसाच दिवस आला, तर थांबशील?"

प्रधान असता तर 'हो' म्हणाला असता. राजाला लेकीसमोर खोटं बोलवेना.

"नाही. पुन्हा तसाच धावेन. पण धावता धावता माझं नाव ओरडून सांगेन."

पाणी खळखळून हसलं. इतक्या वर्षांनी त्याला आवाज फुटला आणि जलजोगिणीचा शाप त्यातच वाहून गेला. पण केतकी अजून राजाकडे टक लावून बघत होती.

"मग पोहोचलात वेळेवर?" तिने विचारलं.

"पोहोचलो. तू नुकती जन्मली होतीस, डोळे गच्च मिटलेले. मी तुला उचललं आणि म्हणालो, मी तुझा बाबा."

केतकीचा चेहरा पालटला. ती पुढे आली, राजाच्या भिजल्या दाढीवरून हात फिरवला आणि लहान पोरीसारखी हुंदके देत त्याला बिलगली. "बाबा," ती म्हणाली, "किती वाळलात हो तुम्ही."

त्यानंतर प्रजा त्या तिन्ही धबधब्यांपाशी थांबू लागली. निरोप घेऊन धावणारेसुद्धा आपलं नाव ओरडून मगच पुढे जात. धवलसेनाला जशी लेकीने हाक मारली, तशी दुरावलेल्या प्रत्येकाला त्याच्या माणसाने हाक मारावी.