पास्कोल शेठची अस्सल गिटार

आमच्या वसईतल्या पास्कोल शेठला बँड चालवण्यापेक्षा मिरवण्याची हौस जास्त. त्याची इलेक्ट्रिक गिटार जुन्या घडणीची. आवाज गोड हो, नाही कशाला म्हणू? पण तारांच्या बुडाशी असलेली दांडी दाबून सूर थरथरवला की तारा उतरायच्या, आणि शेठ खुंट्या पिळत बसला की पाहुणे जांभया द्यायचे.

त्याच्याच बँडातल्या सेसिल नावाच्या पोरीने आपल्या गिटारीला नव्या, घट्ट खुंट्या बसवल्या. लग्नाच्या मांडवात शेठला ते दिसलं आणि तो सगळ्यांदेखत गरजला, "वाटोळं केलंस गिटारीचं! कारखान्यातून आली तशीच ठेवायची असते, कळतं का? आजपासून तू बँडात नाहीस. उतर खाली!"

बिचारी मंचावरून उतरली. शेठने ऐटीत दांडी दाबली. तारा उतरल्या, पोरं कान झाकून हसली. शेठचा हात खुंटीकडे गेला.

"हां हां शेठ, हात नका लावू!" सेसिल खालून म्हणाली. "खुंटी कारखान्यातून आली तशीच राहू द्या. पिळलीत तर वाटोळं होईल ना गिटारीचं?"

मांडव खदखदला. शेठला खुंटी पिळवेना आणि बेसूर वाजवताही येईना.

शेवटी नवरीची आई उठली. "सेसिलबाय, तू चढ वर. आणि शेठ, तुम्ही जेवून घ्या."